ठिपके मोजू नका: चवळीवरचा ढालकिडा आणि वांग्यावरचा त्याचा तोतया

वांग्याचा १० गुंठ्यांचा प्लॉट, लागवडीला दीड महिना झालेला. एका कडेला चवळीच्या चार ओळी, दुसऱ्या बाजूच्या बांधावर गाजर गवत माजलेले. पाऊस उघडला, चार दिवस ऊन पडले आणि वांग्याची खालची-मधली पाने जाळीदार होऊन वाळू लागली. शेतकऱ्याने प्लॉटभर फिरून दिसतील तेवढे ठिपकेवाले किडे एका प्लास्टिकच्या बाटलीत गोळा केले आणि दोन जणांना दाखवले. एकाने सांगितले, "हे लेडीबर्ड, म्हणजे ढालकिडे आहेत, मित्रकीटक. हात लावू नका." दुसरा म्हणाला, "हेच पानं खातात, आजच फवारा." दोघांनी बाटली एकच पाहिली होती आणि दोघांचेही म्हणणे अर्धे खरे होते.

जिथे वांगी, बटाटा किंवा टोमॅटो घेतात तिथे हा पेच थोड्याफार फरकाने दर हंगामात उभा राहतो. चुकीच्या बाजूने निर्णय झाला तर नुकसान दुहेरी होते. किडीला मित्र समजून सोडले तर प्लॉट वाळतो, आणि मित्राला कीड समजून फवारले तर मावा, कोळी आणि पांढरी माशी या रस शोषणाऱ्या किडी मोकाट सुटतात. म्हणून ओळख कशी पटवली आणि पुढे काय केले, ते इथे सविस्तर मांडले आहे.

बाटलीत काय निघाले

किडे पांढऱ्या कागदावर ओतून वेगळे केल्यावर पाच तऱ्हा दिसल्या. पहिली साधारण ७ मिमी लांब, मळकट तांबूस, पाठीवर काळ्या ठिपक्यांची गर्दी. दुसरी ५ मिमीच्या आसपास, चकचकीत नारिंगी-पिवळी, पाठीवर नागमोडी काळ्या रेघा. तिसरी दुसरीपेक्षा किंचित मोठी, गडद लाल-नारिंगी. पंखांच्या मधल्या शिवणीवर काळी पट्टी आणि दोन्ही बाजूंना आडव्या काळ्या खुणा. चौथीच्या दुधी रंगाच्या पाठीवर तपकिरी, उभ्या, वेड्यावाकड्या रेघा होत्या. पाचवी फिकट पिवळी, मऊ, अंगावर एकही ठिपका नाही.

सगळे एकाच बाटलीत आल्यामुळे सर्वांत मोलाची माहिती आधीच हरवली होती: कोणता किडा कोणत्या झाडावर, पानाच्या कोणत्या बाजूला आणि कशाशेजारी बसला होता. शिवाय बंद बाटलीत ओल धरते, किडे एकमेकांना चावतात आणि मेल्यावर त्यांचे लाल-नारिंगी रंग काही दिवसांत तपकिरीकडे झुकतात. नमुना घ्यायचाच असेल तर प्रत्येक झाडासाठी वेगळी छोटी डबी घ्यावी. तळाशी टिपकागदाचा तुकडा ठेवावा आणि पीक, पानाची बाजू व तारीख लिहिलेली चिठ्ठी आत टाकावी. चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी, कारण नमुना पुढे ७० टक्के अल्कोहोलमध्ये गेला तर पेनाची शाई विरघळते. या प्रकरणात प्लॉटवर परत जाऊन दुसऱ्यांदा, नीट नमुने घ्यावे लागले. सकाळी ९ च्या आत हे काम सोपे जाते. उन्हं चढली की ढालकिडे चपळ होतात, हात लागताच खाली पडतात किंवा उडून जातात.

ठिपके फसवतात ते असे

लोक आधी ठिपके मोजतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. वांग्यावरचा एपिलॅक्ना भुंगेरा, म्हणजे हेनोसेपिलॅक्ना व्हिजिंटिऑक्टोपंक्टाटा, पुस्तकात २८ ठिपक्यांचा असतो: प्रत्येक पंखकवचावर १४. प्रत्यक्षात प्रत्येक बाजूचे सहा ठिपके कायम असतात आणि बाकीचे आठ कधी ठळक, कधी पुसट, कधी नसतातच. त्यामुळे एकाच जातीचे भुंगेरे १२ पासून २८ ठिपक्यांपर्यंत कसेही दिसतात. काहींचे शेजारचे ठिपके एकमेकांत मिसळतात. १२ ठिपक्यांचा भुंगेरा दिसला म्हणजे जात वेगळी, असे लगेच म्हणता येत नाही. या गटातल्या जवळच्या जाती खात्रीने वेगळ्या करायला नराच्या जननेंद्रियांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी लागते. शेतकऱ्याच्या निर्णयाला त्याने फरक पडत नाही, कारण वांग्यावर हे सगळे पानेच खातात.

मित्रकीटकांचेही तसेच. चवळीवरचा नागमोडी रेघांचा चिलोमेनिस सेक्समॅक्युलाटा हा आपल्याकडचा अगदी सर्रास दिसणारा देशी ढालकिडा. त्याच्या रेघा कधी जाड होऊन एकमेकींना भिडतात, तर कधी तुटून सुटे ठिपके उरतात. पाठीचा रंग लिंबाच्या पिवळ्यापासून गडद नारिंगीपर्यंत कुठलाही असतो. पूर्व आणि आग्नेय आशियात याच जातीचे जवळजवळ काळे, पाठीवर फक्त दोन नारिंगी डाग असलेले रूपही आढळते. मोबाइलवर फोटो शोधताना अशी चित्रे समोर आली की आपल्याकडचा किडा वेगळ्याच जातीचा वाटू लागतो.

आणखी दोन खुणा लोक भरवशाच्या मानतात, पण त्या निरुपयोगी आहेत. बोटात धरल्यावर पायांच्या सांध्यांतून पिवळा, कडू वासाचा थेंब येतो म्हणून किडा "विषारी" ठरवला जातो. हा थेंब मित्रही काढतो आणि वांगेखाऊही. हात लावताच पाय आखडून मेल्याचे सोंग घेणे हेही दोघांतले समान वागणे आहे.

आधी ढालकिडाच आहे का, ते पाहिले

चौथी तऱ्हा, दुधी पाठीवर तपकिरी रेघांची, इथेच बाजूला पडली. १० पट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली दोन गोष्टी पाहिल्या: मिशा आणि पावले. ढालकिड्याच्या मिशा आखूड असतात, बहुधा डोक्याखाली दडवलेल्या, आणि टोकाला जाड होत गेलेल्या. पानभुंगेऱ्याच्या मिशा लांब, जवळजवळ एकसारख्या जाडीच्या आणि पुढे सहज दिसतात. ढालकिड्याच्या पावलाला तीन सांधे दिसतात. खरे तर चार असतात, पण तिसरा इतका बारीक आणि दुसऱ्याच्या खोबणीत लपलेला असतो की नजरेला पडत नाही. पानभुंगेऱ्याचे पाऊल चार सांध्यांचे दिसते.

या किड्याच्या मिशा लांब निघाल्या. तो होता झायगोग्रामा बायकोलोराटा, मूळचा मेक्सिकोचा. गाजर गवत खाण्यासाठी त्याला १९८० च्या दशकात भारतात आणून सोडले. बांधावर गाजर गवत होते, म्हणून तो बाटलीत आला. वांग्याच्या नुकसानीशी त्याचा काही संबंध नव्हता. काकडीवर्गीय पिकांवरचा ठिपके नसलेला लांबट तांबडा भुंगेरा हाही याच पानभुंगेऱ्यांच्या कुळातला. त्यालाही ढालकिडा समजण्याची चूक होते, पण मिशा पाहिल्या की शंका फिटते.

चकाकी की लव

उरलेले चारही ढालकिड्यांच्याच कुळातले, म्हणजे कॉक्सिनेलिडी. मित्र आणि कीड एकाच कुळात असल्यामुळेच गोंधळ होतो. दोघांना वेगळे करणारी सर्वांत उपयोगी खूण म्हणजे पाठीचा पृष्ठभाग. मावा खाणारे मोठे ढालकिडे गुळगुळीत आणि चकचकीत असतात. खिडकीसमोर धरले तर पाठीवर उजेडाचा स्पष्ट पांढरा ठिपका उमटतो. एपिलॅक्नाच्या पाठीवर बारीक, आखूड, दाट लव असते, त्यामुळे तो मखमलीसारखा मंद दिसतो आणि उजेड पसरट परततो.

ही खूण बघताना प्रकाश बाजूने यावा. मोबाइलचा फ्लॅश समोरून पडला की लव पुसली जाते आणि एपिलॅक्नाही चमकदार दिसतो. फोटोवरून चुकीची ओळख होण्यामागे हे कारण वारंवार असते. उलट बाजूने, धुळीने माखलेला किंवा फवाऱ्याचा थर बसलेला मित्रकीटक मंद दिसतो. अशा वेळी पाण्यात बुडवलेल्या मऊ ब्रशने पाठ पुसून, वाळू देऊन पुन्हा पाहावे. वरून सरळ पाहण्याऐवजी किड्याला बाजूने, पाठीची कड आकाशाच्या उजेडासमोर येईल असे धरले तर लव सर्वांत स्वच्छ दिसते.

पण "लव म्हणजे कीड" असा सरसकट नियम करू नये. फार चांगले मित्र त्यात मारले जातात. स्किम्नस गटाचे २ मिमीच्या आसपासचे तपकिरी-काळे ढालकिडे लवदार असतात आणि पिठ्या ढेकूण, मावा खातात. पिठ्या ढेकणासाठी सोडला जाणारा ऑस्ट्रेलियन क्रिप्टोलिमस मॉन्ट्रोझेरी, जो भारतात १८९८ मध्ये आणला गेला, तोही लवदार असतो: काळपट पाठ, नारिंगी डोके आणि पंखांचे नारिंगी टोक. म्हणून लवेबरोबर आकार जोडावा. वांग्यावर, बटाट्यावर ६ ते ८ मिमीचा, तांबूस, काळ्या ठिपक्यांचा आणि लवदार, या चारही गोष्टी एकत्र आल्या तर तो एपिलॅक्ना. ४ मिमीच्या खालचा लवदार किडा दिसला तर तो मित्र असण्याची शक्यता जास्त, त्याला सोडून द्यावे.

पहिली तऱ्हा या कसोटीवर निर्विवाद एपिलॅक्ना ठरली.

मानेची ढाल

दुसरी आणि तिसरी तऱ्हा चकचकीत होती, म्हणजे फवारणीच्या प्रश्नापुरते उत्तर मिळाले होते. तरी जात ठरवणे वाया जात नाही. कोणत्या पिकावर कोणता मित्र कधी वाढतो हे माहीत असले की पुढच्या हंगामात त्याला जपता येते.

इथे पाठीऐवजी डोके आणि पंख यांच्या मधला भाग बघावा, म्हणजे मानेवरची आडवी ढाल. पंखांवरची नक्षी जेवढी बदलते तेवढी ही ढाल बदलत नाही. चिलोमेनिस सेक्समॅक्युलाटाची ढाल फिकट, पिवळसर असते. तिच्या मधोमध आणि मागच्या कडेला काळी खूण असते, पण पुढची कड आणि दोन्ही बाजू फिकट राहतात. तिसरी तऱ्हा कॉक्सिनेला ट्रान्सव्हर्सालिसची निघाली. तिची ढाल काळी, फक्त पुढच्या दोन कोपऱ्यांत फिकट डाग. रेघा तुटलेला चिलोमेनिस आणि खुणा बारीक झालेला ट्रान्सव्हर्सालिस पाठीवरून एकमेकांसारखे वाटू शकतात, पण मान पाहिल्यावर शंका राहत नाही.

रब्बीत करडई, मोहरी, गव्हावर दिसणारा सात ठिपक्यांचा कॉक्सिनेला सेप्टेम्पंक्टाटा याच घराण्यातला. मान तशीच काळी, कोपरे पांढरट. त्याचा सातवा ठिपका दोन्ही पंखांच्या शिवणीवर, मानेला लागून असतो, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना छोटे पांढरट डाग असतात. भाताच्या शेतात चकचकीत, ठिपके नसलेला, शिवणीवर बारीक काळी रेघ असलेला नारिंगी मिक्रॅस्पिस डिसकलर भेटतो. तो किडींबरोबर परागही खातो, त्यामुळे फुलोऱ्यात बसलेला पाहून त्याला कीड समजले जाते. फिकट पाठीवर तीन उभ्या गडद रेघा असलेला ३ ते ४ मिमीचा ब्रुमॉइडिस सुट्युरालिस पिठ्या ढेकणांवर उपयोगी पडतो. रेघांमुळे त्याची गल्लत झायगोग्रामाशी होते, पण तो आकाराने निम्मा असतो आणि रेघा सरळ असतात.

पाचव्या, बिनठिपक्याच्या पिवळ्या किड्याबद्दल दोन शक्यता होत्या. एक, इलेइस सिंक्टा: त्याची पाठ पिवळीधमक, कोरी असते, पण मानेच्या पांढरट ढालीवर दोन काळे ठिपके असतात आणि तो भुरी बुरशी खातो. भोपळा, काकडीच्या भुरी आलेल्या पानांवर तो हमखास दिसतो. दुसरी शक्यता, कोषातून नुकताच बाहेर आलेला किडा. कुठलाही ढालकिडा कोषातून निघतो तेव्हा फिकट, मऊ आणि जवळजवळ कोरा असतो. काळी नक्षी पुढच्या काही तासांत उमटते आणि खालचा रंग त्यानंतरही कित्येक दिवस गडद होत जातो. या नमुन्याच्या मागच्या पंखांची टोके कवचाबाहेर लोंबत होती, आणि ती ताज्या किड्याचीच खूण. त्याला ओलसर कापसासह डबीत ठेवून दुसऱ्या दिवशी पाहिले तेव्हा पाठीवर नागमोडी रेघा उमटल्या होत्या. तोही चिलोमेनिसच निघाला. कोऱ्या पिवळ्या किड्याचे नाव त्याच दिवशी ठरवण्याची घाई करू नये.

अळी आणि अंडी

प्रौढ किड्यांची ओळख पटली तरी प्लॉटमधले खरे खाणे अळ्या करतात, आणि लोकांना अळ्या त्याहून कमी ओळखता येतात. ढालकिड्याची अळी आपल्या आईबापासारखी अजिबात दिसत नाही. त्यामुळे चवळीच्या शेंड्यावर माव्यात फिरणारी काळपट, सहा लांब पायांची, अंगावर पिवळट-पांढरे डाग असलेली अळी दिसली की पहिला विचार "नवीन कीड" असाच येतो. ही चिलोमेनिसची अळी. ती भरभर चालते, शेंडा शोधत राहते, आणि भिंगाखाली तिच्या जबड्यात मावा धरलेला दिसतो.

एपिलॅक्नाची अळी पिवळी, फुगीर, लंबगोल. अंगभर फांद्या फुटलेले काटे असतात, टोके काळसर. ती सुस्त असते, पानाच्या खालच्या बाजूला एकाच जागी राहून खरवडत बसते. तिच्या खाण्याची पद्धत ओळखायला सोपी आहे: पानाचा हिरवा गर ती जवळजवळच्या समांतर ओळींत खरवडते आणि वरचा पातळ पापुद्रा व शिरा ठेवते. त्यामुळे आधी पारदर्शक खिडक्या दिसतात, मग त्या तपकिरी होऊन कागदासारख्या वाळतात. पानाला बारीक गोल भोके पडली असतील तर तो उड्या मारणाऱ्या पिसू भुंगेऱ्यांचा उद्योग, आणि कडेपासून अर्धवर्तुळाकार तोडलेले असेल तर नाकतोडा किंवा पाने खाणारी मोठी अळी शोधावी. समांतर ओरखडे नसतील तर एपिलॅक्नाला दोष देऊ नये.

अंड्यांच्या बाबतीत अधिक जपून वागावे लागते. दोघांचीही अंडी पिवळी, लांबट, उभी आणि पुंजक्यात असतात. मित्रकीटकाची अंडी एकमेकांना चिकटून, माव्याच्या जवळ घातलेली असतात. एपिलॅक्नाची किंचित मोठी, थोडी विरळ मांडलेली आणि वांगेवर्गीय पानाच्या खालच्या बाजूला. एवढ्यावरून खात्री होत नसेल तर त्या पानाचा तुकडा डबीत ठेवून थांबावे. मित्रकीटकाची अंडी उबण्याआधी राखाडी-काळसर होतात, कारण आतली अळी गडद असते. एपिलॅक्नाची शेवटपर्यंत पिवळी राहतात. ही वाट दोन ते पाच दिवसांची असते, आणि शंका असलेला पुंज चिरडण्यापेक्षा ती परवडते.

दोन्हींचे कोष शेपटीकडून पानाला चिकटलेले असतात. चिलोमेनिसचा कोष उघडा, गुळगुळीत, पिवळा-नारिंगी आणि काळ्या डागांचा. अळीची टाकलेली कात फक्त बुडाशी गोळा झालेली. एपिलॅक्नाच्या कोषाच्या मागच्या भागावर काटेरी कात तशीच चिकटून राहते.

याच प्रसंगात वांग्याच्या दोन-तीन झाडांवर पांढरे कापसासारखे पुंजके दिसले आणि ते पिठ्या ढेकूण म्हणून खुडायला सुरुवात झाली होती. त्यातले काही पुंजके चालत होते. स्किम्नस आणि क्रिप्टोलिमसच्या अळ्या अंगावर पांढऱ्या मेणाचे झुबके वागवतात आणि पिठ्या ढेकणांमध्येच राहून त्यांना खातात. ब्रशने हलकेच डिवचावे. ढेकूण जागचा जेमतेम हलतो, कारण त्याची सोंड झाडात रुतलेली असते. अळी लगेच पळू लागते. स्पिरिटचा एक थेंब टाकला की मेण विरघळते आणि खालची लांबट, पायांची अळी उघडी पडते.

खात्रीसाठी एका रात्रीची चाचणी

भिंग हाताशी नसेल किंवा मत फुटले असेल तर किड्यालाच विचारावे. झाकणाला बारीक भोके असलेल्या तीन पारदर्शक डब्या घ्याव्यात. पहिल्या दोन डब्यांत वांग्याचे एक स्वच्छ कोवळे पान आणि माव्याने भरलेला चवळीचा शेंडा ठेवावा. देठांना ओला कापूस गुंडाळावा. शेंड्यावर साधारण ५० मावा राहतील एवढाच ठेवून बाकीचा ब्रशने झाडून टाकावा. एका डबीत ठिपकेदार किडा, दुसरीत नागमोडी रेघांचा, प्रत्येकी एकच. तिसऱ्या डबीत किडा न घालता तेच पान आणि तसाच शेंडा, म्हणजे मावा आपोआप किती पडतो-मरतो हे कळते. तिसरी डबी टाळली तर निष्कर्षाला आधार राहत नाही.

सकाळी एपिलॅक्नाच्या डबीत वांग्याच्या पानावर ओरखडे होते आणि मावा जवळपास जशाच्या तसा. चिलोमेनिसच्या डबीत पान कोरे, मावा बराच संपलेला, तळाशी रिकाम्या काती. चाचणी फसण्याची कारणे ठरलेली आहेत: फवारलेले पान वापरणे, डबी उन्हात ठेवणे, कोषातून त्याच दिवशी निघालेला किडा घेणे (तो खात नाही), किंवा एका डबीत दोन-तीन किडे कोंबणे, ज्यामुळे ते अंडी आणि एकमेकांना खाऊ लागतात.

प्रयोगशाळेत याच गोष्टीचा पुरावा जबड्यात मिळतो. भक्षक ढालकिड्याच्या जबड्याचे टोक दुभंगलेले असते आणि बुडाशी एक दात असतो. एपिलॅक्नाच्या जबड्याला टोकाशी अनेक दात असतात आणि बुडाचा दात नसतो. पान खरवडायला तीच रचना लागते. मात्र त्यासाठी मेलेला नमुना, बारीक सुई आणि किमान ४० पट मोठे दाखवणारा सूक्ष्मदर्शक हवा.

प्लॉटवर काय केले

नागमोडी वाटेने फिरून २० झाडे पाहिली. प्रत्येक झाडाची वरचे, मधले आणि खालचे अशी तीन पाने उलटून मोजणी केली. एपिलॅक्नाची अंडी, अळ्या आणि ओरखडे वांग्यावर होते, तेही मधल्या-खालच्या पानांवर. चिलोमेनिस आणि ट्रान्सव्हर्सालिस बहुतेक चवळीवर, काळ्या माव्याजवळ. काही चकचकीत ढालकिडे जाळीदार वांग्याच्या पानांवरही बसलेले होते, आणि तिथेच गैरसमजाचे मूळ होते. खाल्लेल्या पानावर बसलेला किडा त्या पानाचा गुन्हेगार असतोच असे नाही. तो तिथे माव्यामागे किंवा एपिलॅक्नाची अंडी खायला येतो. जागा ही पूरक खूण आहे, पुरावा नव्हे.

चवळीच्या ओळींवर काहीही फवारायचे नाही, असे आधी ठरले. संपूर्ण प्लॉटवर सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटाचे कीटकनाशक मारले असते तर वांग्यावरचे भुंगेरे मेले असते, पण चवळीवरचा मित्रांचा साठाही संपला असता, आणि अशा फवारणीनंतर वांग्यात मावा, कोळी, पांढरी माशी उसळण्याचा धोका मोठा असतो.

वांग्यावर पहिले तीन दिवस सकाळी हाताने वेचणी केली: अंड्यांचे पुंज आणि अळ्यांनी भरलेली पाने खुडून, प्रौढ भुंगेरे साबणाच्या पाण्याच्या डब्यात झटकून. १० गुंठ्यांत हे होण्यासारखे काम आहे. एकरात ते जड जाते. वेचताना एक पथ्य पाळले. तपकिरी-काळ्या पडलेल्या, ताठ, फुगलेल्या अळ्या मारायच्या नाहीत. त्यांच्या आत पेडिओबियस फोव्हिओलाटस या बारीक परोपजीवी गांधीलमाशीची पिढी वाढत असते. अशा अळ्यांची पाने वरून मलमल बांधलेल्या डब्यात ठेवली आणि माश्या निघाल्यावर डबा प्लॉटमध्येच उघडला.

चौथ्या दिवशी संध्याकाळी ५ टक्के निंबोळी अर्क दिला. १० गुंठ्यांना हेक्टरी ५०० लिटरच्या हिशेबाने ५० लिटर द्रावण लागते. त्यासाठी २.५ किलो निंबोळीची भरड ५ लिटर पाण्यात रात्रभर भिजवली, सकाळी ढवळून फडक्यातून गाळली, १०० ग्रॅम साबणाचा चुरा अर्धा लिटर पाण्यात विरघळवून मिसळला आणि पाणी घालून ५० लिटर केले. अर्क त्याच दिवशी वापरला. नोझल खालून वर धरून पानांच्या खालच्या बाजूला फवारा बसवला. वरून मारलेला अर्क अळ्यांपर्यंत पोचतच नाही. फवारणी संध्याकाळी, कारण कडुनिंबातला मुख्य घटक उन्हात लवकर नष्ट होतो.

निंबोळी अर्काने अळ्या पटकन मरत नाहीत. त्यांचे खाणे मंदावते, कात टाकणे बिघडते. दुसऱ्या दिवशी मेलेल्या अळ्या शोधणारा माणूस अर्क फसला असे समजून जहाल औषधाकडे वळतो, म्हणून परिणाम पाच-सहा दिवसांनी, नव्या कोवळ्या पानांवर ओरखडे येतात का यावरून पाहावा. मित्रकीटकांच्या लहान अळ्यांनाही हा अर्क त्रास देतो. चवळी वगळण्याचे तेही कारण होते. फवारणीच्या वेळी न उबलेली अंडी मधल्या काळात फुटतात, त्यामुळे दुसरी फवारणी ८ ते १० दिवसांनी लागते. त्याआधी पुन्हा २० झाडांची मोजणी करावी. नव्या पानांवर ओरखडे नसतील तर दुसरी फवारणी गाळावी.

ओळखीची नोंद

जात नक्की करण्यासाठी फोटो पाठवायचा असेल तर एकाच किड्याचे चार फोटो लागतात: वरून, समोरून (मानेची ढाल आणि डोके), बाजूने (लव आणि फुगीरपणा) आणि पोटाकडून. शेजारी मोजपट्टी ठेवावी. किडा स्थिर राहत नसेल तर डबी दहा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावी, फ्रीझरमध्ये नको. फोटोवरून नाव सुचवणाऱ्या अ‍ॅपचे उत्तर अंतिम मानू नये. सुचवलेली जात भारतात आढळते का आणि मानेची ढाल जुळते का, हे दोन प्रश्न विचारले की चुकीची बरीच नावे गळतात. स्किम्नसच्या आकाराचे तपकिरी किडे फोटोवरून जातीपर्यंत नेता येत नाहीत. तिथे "स्किम्नस गट" एवढेच लिहावे.

वांगी निघाल्यानंतरही एपिलॅक्ना जवळपास टिकून राहतो. कामोणी, धोतरा यांसारख्या वांगेवर्गीय तणांवर त्याची पिढी चालू राहते आणि पुढच्या बटाट्यावर किंवा टोमॅटोवर उतरते. त्यामुळे बांधाची पाहणी लागवडीच्या दोन आठवडे आधी करावी: तणांची पाने उलटून पिवळ्या काटेरी अळ्या आणि समांतर ओरखडे शोधावेत, सापडले तर ती झाडे अळ्यांसकट उपटून पुरावीत. तणावर मावा आणि चकचकीत ढालकिडे असतील तर ते झाड राहू द्यावे.